‘आम्ही’ कुठे आणि ‘आपण’ कुठे: उपासनेतली प्रार्थना, गायन आणि उपदेश

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या वास्को-फोंडा भागातली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे, काही कॅथलिक तर काही प्रोटेस्टंट, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतात. महिन्यातून एकदा मराठी मिस्साही, म्हणजे कॅथलिक उपासनाविधी, होते. अडचण अशी की प्रार्थना सांगणारा प्रार्थनेतच उपदेश करू लागतो, गीते सांगणारी मुलगी दोन गीतांच्या मध्ये छोटे भाषण करते, आणि प्रवचन संपल्यावर त्याचाच सारांश डोळे मिटून पुन्हा ऐकावा लागतो. लोक थकतात आणि नेमके काय झाले ते कुणाला सांगता येत नाही. तर प्रार्थना, गायन आणि उपदेश यांत फरक काय, आणि तो पाळायचा कसा?

बोलले की उपदेश, डोळे मिटले की प्रार्थना, सूर लागला की गायन, अशी वाटणी बहुतेकांच्या मनात असते. ही वाटणी आवाजावरून केलेली आहे, म्हणून ती फसते. बघायचे असते ते तोंड कुणाकडे आहे. प्रार्थनेत मंडळी देवाशी बोलते. उपदेशात देवाचे वचन एका माणसाच्या तोंडून मंडळीशी बोलते. गायन हे या दोघांच्या पंगतीला बसणारे तिसरे पान नाही. गाऊन प्रार्थना करता येते, गाऊन उपदेशही करता येतो, आणि एकाच गीतात दोन्ही येऊ शकते. म्हणून गीताबद्दल पहिला प्रश्न ‘चाल कशी आहे’ हा नसून ‘हे शब्द कुणाला उद्देशून आहेत’ हा असावा.

मराठीत हे ओळखायला हाताशी एक साधन आहे. इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये ते नाही, कोंकणीतही नाही; तिथे एकच ‘आमी’ सगळीकडे चालते. मराठीत मात्र ऐकणारा धरून असेल तर ‘आपण’ आणि ऐकणारा बाजूला असेल तर ‘आम्ही’. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले की समोरचा उठतो, ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले की तो बसून राहतो. देवाशी बोलताना देव त्या ‘आम्ही’त नसतो, म्हणून प्रार्थनेत ‘आम्ही’ येते. उपदेशक स्वतःला आणि श्रोत्यांना एकत्र धरतो, म्हणून उपदेशात ‘आपण’ येते. प्रभूची प्रार्थना तपासून पाहा: ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ पासून ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ आणि पुढे शेवटपर्यंत एकदाही ‘आपण’ येत नाही. येऊच शकत नाही.

आता आपल्या माणसांच्या प्रार्थना कान देऊन ऐका. ‘हे प्रभो, आपण सगळे किती स्वार्थी झालो आहोत, आपण एकमेकांना वेळ देत नाही...’ इथे वक्ता देवाकडे पाठ करून लोकांकडे वळला आहे आणि त्याला ते कळलेलेही नाही. डोळे मिटलेले, हात जोडलेले, तरी हा उपदेश आहे. तोही असा की ज्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही, कारण ऐकणाऱ्यांनी डोळे मिटलेले आहेत. लोकांना बोचते ते हेच. ‘आपण’च्या जागी ‘आम्ही’ घालून वाक्य पुन्हा म्हणून पाहा: ‘हे प्रभो, आम्ही स्वार्थी झालो आहोत, आम्हाला क्षमा कर.’ हे पापकबुली झाले. एका शब्दाने वाक्याचे तोंड वळले.

गोव्यात ही चूक जास्त होते, त्याला कारण आहे. प्रार्थना बहुधा इंग्रजी किंवा कोंकणी पुस्तकातून घाईघाईने मराठीत आणलेल्या असतात. मूळ भाषेत एकच सर्वनाम असते आणि भाषांतर करणारा जे तोंडाला येईल ते लिहितो. तेव्हा कागद वाचायला देण्याआधी फक्त सर्वनामांसाठी एकदा वाचून काढावा. पेन्सिलीने प्रत्येक ‘आम्ही’, ‘आपण’, ‘तू’, ‘तुम्ही’, ‘तो’ यांखाली रेघ मारा. एका पानाला पाच मिनिटे लागतात आणि निम्म्या चुका तिथेच सापडतात.

दोन बारकावे याच्याबरोबर लक्षात ठेवावेत. मराठीत ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणूनही येते, तेव्हा क्रियापद बघायचे: ‘आपण आहोत’ म्हणजे सगळे मिळून, ‘आपण आहात’ म्हणजे समोरचे. दुसरे असे की काही जण देवालाच ‘आपण’ म्हणतात: ‘हे प्रभो, आपण दयाळू आहात.’ मराठीला ही सवय परकी आहे. मराठी माणूस आईला आणि देवाला ‘तू’ म्हणतो. ‘आपण’ म्हटल्याने आदर वाढत नाही. देव कचेरीतल्या साहेबासारखा दूर जाऊन बसतो, आणि वर सांगितलेली ओळखही बिघडते.

प्रार्थनेची बांधणी

मिस्सेच्या सुरुवातीला धर्मगुरू ‘आपण प्रार्थना करू या’ म्हणतात आणि लगेच मुख्य प्रार्थना वाचतात. खरे तर या दोहोंच्या मध्ये शांतता आहे, आणि ती मिस्सेच्या विधीत सांगितलेलीच आहे. ‘आपण प्रार्थना करू या’ हे लोकांना उद्देशून आहे. मग प्रत्येकाने मनातले मागणे मनात मांडायचे. त्यानंतर धर्मगुरू ती सगळी मागणी एकत्र करून ‘आम्ही’ने देवापुढे ठेवतात, आणि मंडळी ‘आमेन’ म्हणून त्यावर आपली सही करते. शांतता गाळली की एकत्र करायला काही उरतच नाही. दहा ते पंधरा सेकंद पुरतात. सांगणाऱ्याला ती फार लांब वाटतात, म्हणून मनात सावकाश बारापर्यंत मोजावे.

या छोट्या प्रार्थनेची जुनी बांधणी घरच्या प्रार्थनेलाही उत्तम लागू पडते: देवाला हाक, त्याने केलेल्या एखाद्या गोष्टीची आठवण, एकच मागणे, ते कशासाठी याचा उल्लेख, आणि ख्रिस्ताच्या नावाने शेवट. उदाहरण घ्या. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला होड्या निघताना प्रार्थना करायची आहे. ती अशी होऊ शकते: ‘हे परमेश्वरा, तू समुद्राला सीमा घालून दिलीस आणि तुझ्या पुत्राने वादळ शांत केले. आज दर्यावर जाणाऱ्या आमच्या भावांना सांभाळ, म्हणजे ते भरल्या जाळ्यांनी घरी परततील आणि आम्ही सगळे तुझे उपकार मानू. आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने.’ चाळीसेक शब्दांत संपते आणि प्रत्येकाला आमेन म्हणता येते.

आता बिघडलेली ऐका: ‘हे प्रभो, तुला माहीतच आहे की १ जूनपासून ६१ दिवस बंदी असते, डिझेल महागले आहे, आणि आमच्या मच्छीमारांना फार त्रास होतो...’ देवाला बातमी सांगितली जात आहे, म्हणजे प्रत्यक्षात ती लोकांना सांगितली जात आहे. ‘तुला माहीतच आहे की’ हे शब्द कानावर आले की प्रार्थनेचे निवेदन झाले असे समजावे. निवेदनाला जागा आहे, पण प्रार्थनेच्या आधी, डोळे उघडे असताना: ‘आजपासून होड्या निघत आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करू.’ बस्स.

मिस्सेतल्या ‘विश्वासू लोकांच्या प्रार्थना’ या भागात आणखी एक गोंधळ हमखास असतो. तिथे वाचणारा लोकांना उद्देशून हेतू सांगतो आणि लोक देवाला उद्देशून प्रतिसाद देतात. हेतू: ‘आपल्या राज्याचा कारभार चालवणाऱ्यांना न्यायबुद्धी लाभावी म्हणून आपण प्रार्थना करू या.’ प्रतिसाद: ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.’ तोंड एकदा लोकांकडे, एकदा देवाकडे, आणि सांधा स्वच्छ. पण लिहून आणलेल्या कागदावर बहुधा असे असते: ‘हे प्रभो, आमच्या नेत्यांना सद्‌बुद्धी दे म्हणून आपण प्रार्थना करू या.’ अर्धे वाक्य देवाला, अर्धे शेजाऱ्याला. हे वाचताना वाचणारा अडखळतो, आणि त्याला वाटते आपलेच वाचन कच्चे आहे. वाचन ठीक असते, वाक्य तुटलेले असते. हेतू चार ते सहा ठेवा, प्रत्येकी वीस-पंचवीस शब्दांचे. क्रमही ठरलेला आहे: आधी चर्च, मग राज्यकर्ते आणि जग, मग दुःखी-पीडित, शेवटी आपली स्थानिक मंडळी. घरच्या आजारी माणसाचे नाव शेवटी येते, पहिले नाही.

प्रोटेस्टंट सभांत प्रार्थना पुष्कळदा उत्स्फूर्त असते आणि तिथे धोका लांबीचा असतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल विचारतो की तू काय बोलतोस हे ज्याला कळत नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसे म्हणणार? ही कसोटी भाषेला लागू आहे तशी लांबीलाही आहे. तीन मिनिटांच्या पुढे गेलेल्या प्रार्थनेत पहिल्या मिनिटाला काय मागितले हे आमेनच्या वेळी कुणाला आठवत नाही. सहा विषय असतील तर सहा माणसांनी एकेक छोटी प्रार्थना करावी. कोंकणीत प्रार्थनेला ‘मागणें’ म्हणतात. हा शब्द डोक्यात ठेवला तरी बरेच फाफटपसारे आपोआप गळतात: काय मागितले? सांगता येत नसेल तर प्रार्थना झालेली नाही.

गीत कुणाशी बोलते

गीतांच्या वहीतली प्रत्येक गीताची सर्वनामे बघितली की त्यांचे चार गट पडतात. काही देवाला ‘तू’ म्हणतात. काही देवाबद्दल ‘तो’ म्हणतात, म्हणजे साक्ष देतात. काही शेजाऱ्याला हाक घालतात: या, चला, गाऊ या. आणि काही स्वतःच्या जिवाशी बोलतात, जसे बायबलमधले १०३ वे स्तोत्र: ‘हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर.’ सुरुवातीला हाक घालणारे गीत घ्यावे, कारण लोक तेव्हा दारातून आत येत असतात. वचनानंतर साक्षीचे गीत बसते. पापकबुलीच्या जवळ आणि प्रभुभोजनाच्या वेळी ‘तू’ची गीते. प्रार्थनासभेत सलग पाच ‘तो’ची गीते घेतली तर लोक अर्धा तास देवाबद्दल बोलतात आणि देवाशी एकदाही बोलत नाहीत. असे पुष्कळदा होते, कारण ‘तो’ची गीते चालीला जोरकस असतात.

स्तोत्रसंहितेत ही वळणे एकाच गीतात सापडतात. ९५ वे स्तोत्र ‘या, आपण परमेश्वराचा जयजयकार करू’ असे आपण-आपण करत सातव्या वचनापर्यंत येते, आणि मग एकाएकी देवच बोलू लागतो: मने कठीण करू नका. आवतण उपदेशात वळले. हे स्तोत्र एका दमात, एकाच ठेक्यात गायले तर हे वळण कुणाला जाणवणार नाही. पहिला भाग सगळ्यांनी, दुसरा एकट्याने, असे केले की जाणवते.

२३ वे स्तोत्र तर सगळ्यांना पाठ असते, पण त्यातली एक गोष्ट क्वचितच कुणी ऐकलेली असते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ पासून तिसऱ्या वचनापर्यंत सगळे ‘तो’ आहे: तो मला निजवतो, तो मला नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते, आणि नेमक्या तिथे ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस’. हिरव्या कुरणात देवाबद्दल बोलणारा माणूस अंधाऱ्या दरीत देवाशी बोलू लागतो. हे गाताना चौथ्या वचनाला तबला थांबवा, हार्मोनियमचा भाता हलका करा, नुसता सूर धरून ठेवा. लोक आपोआप हळू गातात. त्या जागी गीताची प्रार्थना होते आणि त्यासाठी कुणी एक शब्द समजावून सांगावा लागत नाही.

गीते सांगणाऱ्या मुलीने बोलायचे किती? गीताचा क्रमांक आणि फार तर एक वाक्य. दोन गीतांच्या मध्ये मोकळेपणा वाटतो म्हणून ती बोलते. तो मोकळेपणा सुरांनी भरायचा असतो. पुढच्या गीताचा षड्‌ज (मूळ सा) हार्मोनियमवर धरा, पहिली ओळ वाजवा, लोक पान उलटतील. गीत काय सांगते हे गीतालाच सांगू द्यावे.

गोव्यात गाऊन केलेल्या प्रार्थनेचा फार सुंदर नमुना जवळच आहे. मे महिन्यात वाड्यावाड्यांवरच्या क्रुसापुढे लादाईन, म्हणजे एकेक नाव घेत गायची विनंतीची प्रार्थना, होते. क्रुसाला चुना लावलेला, झेंडूच्या आणि अबोलीच्या माळा, मेणबत्त्या, बाजूला एक व्हायोलिन. पुढचा एक नाव घेतो, बाकीचे दोन आवाजांत ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर, असे उत्तर देतात. लॅटिन शब्द कित्येकांना कळत नाहीत, पण आपल्या पाळीला काय म्हणायचे आणि ते कुणाला म्हणतो आहोत हे लहान पोरालाही ठाऊक असते. उत्तर छोटे, चाल तीच, आणि नाव संपता संपता उत्तर सुरू. मधे श्वासाएवढीही फट नाही. शेवटी उकडलेले चणे वाटले जातात आणि लोक तिथेच बोलत उभे राहतात. मराठी सभेत प्रतिसादाच्या प्रार्थना गाऊन करायच्या असतील तर हाच साचा घ्यावा. प्रतिसाद आठ-दहा अक्षरांपेक्षा लांब नको आणि दर वेळी तोच हवा.

गायलेल्या उपदेशाचा नमुनाही इथलाच. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत, गोव्याच्या चर्चांत मोतेत नावाची गीते गातात. बायबलमधल्या विलापगीताच्या पहिल्या अध्यायातल्या १२ व्या वचनावर बांधलेल्या मोतेतात दुःखी आवाज वाटेने जाणाऱ्यांना विचारतो, माझ्या दुःखासारखे दुःख कुठे आहे का ते पाहा. इथे देवाला कुणी हाक मारत नाही. मंडळीलाच हाक आहे. म्हणून मोतेत सगळ्यांनी मिळून गायचा नसतो, निवडक गायकांनी गायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा असतो. ‘सगळ्यांनी गायले तरच खरी भक्ती’ हा आग्रह इथे चुकतो.

मराठीपुरते बोलायचे तर ही सरमिसळ चारशे वर्षांपूर्वी फार विचारपूर्वक झालेली आहे. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे क्रिस्तपुराण हे ख्रिस्तकथेचे काव्य १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर (राचोल) येथे छापले गेले, रोमन लिपीत पण मराठी भाषेत. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अध्याय, तिथे त्यांना ‘अवस्वरू’ म्हटले आहे, मिळून अकरा हजारांच्या आसपास ओव्या. आरंभी देवाला नमन आहे, म्हणजे प्रार्थना. पुढे श्रोत्यांना कथा आहे, म्हणजे उपदेश. आणि सगळे ओवीत, म्हणजे म्हणता-गाता येणारे. पहिली तीन चरणे यमकात आणि चौथा आखूड, त्यामुळे ऐकणारा चौथ्या चरणाची वाट बघतो आणि अर्थ तिथे टेकतो. पण नमन कुठे संपते आणि कथा कुठे सुरू होते हे वाचणाऱ्याला स्पष्ट कळते. मिसळ असावी ती अशी.

ज्या सभेला गीतांची वही नवीन करायची आहे तिने कवी ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) रचनांपासून सुरुवात करावी. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्या मोठ्या संख्येने आहेत. ते अभंग, ओवी, पद या मराठी घाटातच विचार करत, त्यामुळे शब्द आणि ताल भांडत नाहीत. भाषांतरित गीतांत नेमके हे भांडण असते. इंग्रजी चाली पुष्कळदा ठोक्याच्या आधीच्या कमकुवत मात्रेवर सुरू होतात. मराठी ओळ सहसा तशी सुरू होत नाही, त्यामुळे बोलण्यातला जोर आणि ताल जुळत नाहीत. अशी ओळ आधी बोलून पाहावी, मग टाळी धरून बोलावी. बोलताना जोर जिथे येतो तिथे टाळी पडत नसेल तर शब्दक्रम बदला किंवा ते गीत सोडा.

सूर किती ठेवावा हे सहसा पेटी वाजवणाऱ्याच्या गळ्यावर ठरते, आणि मागच्या रांगा गप्प होतात. मंडळीसाठी मर्यादा सोपी आहे: चालीतला सर्वांत वरचा स्वर तार (वरच्या) सप्तकातल्या पांढरी दोनच्या, म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या, वर नको. सा ते तार सा एवढी चाल असेल तर काळी एक चांगली. चाल तार गंधारापर्यंत (वरच्या ग पर्यंत) जात असेल तर सूर खालच्या काळी पाचवर आणा, मग तो गंधार बरोबर पांढरी दोनवर येतो. पण चाल वर तार गंधाराला आणि खाली मंद्र पंचमालाही (खालच्या प ला) जात असेल, तर ती एकट्या गायकाची चाल आहे. मंडळीला ती कुठल्याच सुरात जमणार नाही, तिथे उगाच सराव वाढवू नये.

मिस्सेत काय गायचे याचा अग्रक्रमही उलटा झालेला दिसतो. प्रवेश, अर्पण, कम्युनियन आणि शेवट अशी चार गीते थाटात होतात आणि ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ कोरडे म्हटले जाते. प्रवेशगीत चालण्याच्या सोबतीला असते, अर्पणगीत दाने आणण्याच्या. धर्मगुरू वेदीशी पोहोचले की प्रवेशगीत आवरायचे, सहा कडवी असली तरी. ‘पवित्र, पवित्र’ मात्र कशाच्या सोबतीला नसते, तोच विधी असतो. आल्लेलुया, प्रतिसाद स्तोत्र आणि ‘परमोच्च स्वर्गी देवाला गौरव’ हेही तसेच. एकच गोष्ट गाता येणार असेल तर हे गा आणि प्रवेशगीत सोडा. उपवासकाळात आल्लेलुया नाही, आणि आगमनकाळ (ख्रिसमसच्या आधीचे आठवडे) व उपवासकाळ या दोन्हींत, सणांचे दिवस सोडले तर, गौरवगीत नाही. उपवासकाळात वाद्ये फक्त गाण्याला आधार म्हणून, हेही पेटीवाल्याला आधीच सांगून ठेवावे.

उपदेश

मिस्सेतले प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालोखालचा दीक्षित सेवक) यांनीच करायचे असते, आणि रविवारी ते गंभीर कारणाशिवाय गाळता येत नाही. घरच्या सभेत कुणीही चिंतन सांगू शकतो. दोन्हीकडे लांबीचा मुद्दा येतोच. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये आठ मिनिटांच्या पुढे जाऊ नका असे सांगितले. मराठीत स्वच्छ बोलायचे तर मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्द होतात, म्हणजे आठशे ते साडेनऊशे शब्द. लिहून मोजले तर धक्का बसतो, कारण बहुतेक प्रवचनांत याच्या दुप्पट असतात. जास्तीचे शब्द कुठून येतात ते पाहा: सुरुवातीचे आभार, वाचनाची पुन्हा सांगितलेली गोष्ट, आणि ‘शेवटी एकच सांगतो’ म्हटल्यावर आलेले तीन शेवट. शेवटचे वाक्य आधी लिहून ठेवले आणि ते आले की थांबायचे ठरवले, तर यातला शेवटचा आजार बरा होतो.

उपदेशात ‘आपण’ असावे असे वर म्हटले, पण नुसत्या ‘आपण’ने भागत नाही. ‘तुम्ही क्षमा करत नाही’ यात बोट रोखलेले आहे, तिथे ‘आपण’ हवे. ‘आम्ही तुम्हाला सांगतो’ यात मंचावरच्यांचा वेगळा वर्ग उभा राहतो, ते टाळावे. मात्र शुभवार्ता सांगताना ‘तुम्ही’ लागते. ‘ख्रिस्ताने तुमच्यासाठी प्राण दिला’ हे समोर बसलेल्या थकलेल्या बाईला उद्देशूनच म्हणायला हवे. तिथे ‘आपल्यासाठी’ म्हटले की ते साऱ्या गर्दीत वाटले जाते आणि तिच्या हाती काही लागत नाही. दोष सांगताना ‘आपण’, देणगी सांगताना ‘तुम्ही’: इतके सांभाळले तरी प्रवचनाचा सूर बदलतो.

प्रवचनानंतर अर्धा ते एक मिनिट शांत बसा. नंतरच्या प्रार्थनेत सारांश नको. ऐकलेल्या वचनातून निघणारे एकच मागणे पुरे. मराठी श्रोत्याला ही शिस्त नवी नाही. गोव्यात देवळातले कीर्तन ज्याने ऐकले आहे त्याला निरूपण आणि गजर यांतला सांधा कानाने ठाऊक असतो. कीर्तनकार बोलता बोलता थांबतो, टाळ उचलतो, आणि गजर सुरू झाला की त्यात निरूपणाचा एक शब्द मिसळत नाही. मराठी ख्रिस्ती कीर्तनांनी हेच वळण उचलले आहे.

जागेचाही उपयोग करून घ्या. जुने गोवे येथील बॉम जेझस बॅसिलिकेत, जिचे बांधकाम १५९४ ते १६०५ या काळात झाले, या तीन गोष्टींना तीन जागा आहेत. प्रार्थनेची वेदी पुढे. उपदेशाचे कोरीव लाकडी व्यासपीठ भिंतीवर, लोकांच्या मधोमध, वर. आणि गायकांचा सज्जा मागे, दाराच्या डोक्यावर दोन खांबांवर. गायक दिसत नाहीत, आवाज पाठीमागून येऊन आपल्या आवाजात मिसळतो. घरच्या खोलीत एवढे जमणार नाही, पण उपदेश करणारा समोर उभा, गाणारे बाजूला किंवा मागे, आणि प्रार्थना सांगणारा बाकीच्यांबरोबर क्रुसाकडे तोंड करून, एवढे जमते. प्रार्थना सांगणाऱ्याची पाठ लोकांकडे असली की त्याच्या तोंडून उपदेश फार कमी निघतो. लोकांच्या डोळ्यांत बघत प्रार्थना करणे अवघड असते, आणि चर्चमध्येही धर्मगुरूंनी प्रार्थनेच्या वेळी नजर पुस्तकावर किंवा वर ठेवावी, मंडळीवरून फिरवू नये.

शेवटचा आशीर्वाद कोण देतो यावर त्याचे सर्वनाम ठरते. पाळक किंवा धर्मगुरू ‘तुम्हा सर्वांना’ म्हणतात, कारण ते त्या अधिकाराने लोकांकडे वळून देतात. घरची सभा चालवणाऱ्याने ‘परमेश्वर आपणा सर्वांना आशीर्वाद देवो’ म्हणावे आणि स्वतःही मान लववावी. त्यानंतर सूचना नको. पुढची सभा कुणाच्या घरी आहे ते आशीर्वादाच्या आधीच सांगून घ्यावे, म्हणजे आमेन हा त्या संध्याकाळचा शेवटचा एकत्र उच्चार राहतो.